नाना, तो व्हॉल्व्ह काढायला नको होता

नाना, तुमचं एक चुकलं. तुम्ही होतात तेव्हा हे तोंडावर सांगायची कुणाची छाती झाली नसती, माझी तर नाहीच. आता तुम्ही काय पाना फेकून मारणार नाही, म्हणून लिहिते. इंजिनातला तो थर्मोस्टॅटचा व्हॉल्व्ह, जो तुम्ही जन्मभर दारात आलेल्या प्रत्येक गाडीतून काढून टाकलात, तो काढायला नको होता. तुमच्या गाड्यांचं चाललं त्याच्यावाचून. माझ्या गाडीचं नाही चाललं. नीट सांगते, मधी बोलू नका.

हे आत मशीनवर आहेत आणि मी दवाखान्याच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून लिहितेय. तुमच्या जावयाच्या किडन्या गेल्या, नाना. तुमच्या माघारी लई वर्षांनी. आता एक दिवसाआड डायलिसिस, म्हणजे अंगातलं रक्त मशीनमधून धुवून परत आत घालतात. घरात लग्न असो नाहीतर मयत, मशीनशेजारची खुर्ची चुकवायची नाही. त्यामुळं मी कुठं जात नाही. गावाला नाही, पोरीकडं पुण्याला नाही. पुंडलिकनगरातला तिसरा मजला, जिना, गाडी, दवाखाना, गाडी, जिना. घरी असले की यांच्या पाण्यावर माझी नजर. डॉक्टरांनी दिवसाचं पाणी ठरवून दिलंय, त्याच्यावर घोटभर जास्त नको. दुष्काळात आई आम्हाला पेल्यानं मोजून पाणी द्यायची, ते घरात नव्हतं म्हणून. माझ्या घरात नळाचा भरवसा नाही म्हणून ड्रम काठोकाठ भरून ठेवलेले असतात, आणि मी मोजून देते. हे लहान लेकरासारखा बर्फाचा खडा मागतात. मी नाही म्हणते. परवा म्हणाले, "तू तर जेलर झालीस." मी म्हणलं, "मग मी पण आतच हाय की." हसले, पण तहानेलं माणूस किती हसणार.

तुमचं गॅरेज तुम्हाला आठवत असंल. पडेगावच्या रस्त्याला पत्र्याची शेड, तेव्हा तिकडं सगळं उजाड. रुंदीकरणात शेड गेली, मागं सोसायट्या उभ्या राहिल्या, आता मला नेमकी जागासुद्धा दाखवता येणार नाही. चौथीनंतर माझी शाळा सुटली आणि मी तुमचा डबा घेऊन यायला लागले, ते दिवसभर तिथंच राहायला लागले. दुष्काळ पडला की आपल्याकडं काम. लोक आभाळाकडं बघत बसायचे आणि आपल्या दारात टँकरची रांग. देवगाव रंगारीकडच्या खेड्यांना पाणी नेणारे टँकर दौलताबादचा घाट चढताना उकळायचे. पाठीवर गावाचं पिण्याचं पाणी, त्याला हात लावायचा नाही, आणि इंजिनात ओतायला बोअरचं मचूळ पाणी. रेडिएटर आतून क्षारानं चोंदलेले असायचे. मी रॉकेलमध्ये पार्ट धूत बसलेय, तुम्ही नळीचं तोंड खोलताय, तो बटणासारखा व्हॉल्व्ह चिमटीत धरून ड्रायव्हरला दाखवताय. "हे थंड मुलखातल्या लोकांनी बसवलंय. इंजिन लवकर तापावं म्हणून. आपल्याकडं इंजिनाला तापवायची गरज हाय व्हय?" ड्रायव्हर हसतो. व्हॉल्व्ह मागच्या पत्र्याच्या डब्यात पडतो, टण्ण. टँकर घाट चढून जातो. मी तुमच्याकडं बघतेय आणि मला वाटतंय, ज्यांनी गाडी बनवली त्यांच्यापेक्षा आपल्या नानांना जास्त कळतं.

त्याच दिवसांत एकदा मी एक नट जरा फिरवून बघितला, तर तुम्ही हातावर फडकं मारलंत. "धुवायला बसवलंय ना, धू. सासरी जाऊन काय इंजिन खोलणार हायेस?" तर व्हय नाना, खोललं.

फडकं मारलंत आणि त्याच उन्हाळ्यात गाडीही शिकवलीत, तुमचं कधी काय मला कळलं नाही. हर्सूलचा तलाव तळापर्यंत आटला होता. दुरुस्तीला आलेली जीप तुम्ही बघायला म्हणून काढलीत, मला शेजारी घेतलं आणि तलावाच्या कोरड्या तळात उतरलात. खाली भेगाळलेली माती, कुठं मेलेले शिंपले. तुम्ही खाली उतरलात आणि म्हणालात, "बस तिकडं. इथं कुणाला धडकतेस आणि कोण बघतंय." मी गिअर टाकताना खाली बघितलं तर ओरडलात, "खाली काय पडलंय? इंजिन काय म्हणतंय ते ऐक." मग मी गोल फिरवली, मोठ्ठा गोल, मग त्याहून मोठा. ना रस्ता, ना भिंत. तुम्ही मधोमध कमरेवर हात ठेवून उभे. तेवढी मोकळी मी परत झाले नाही. सासरी गाडी चालवायचा विषयच नव्हता. हे आजारी पडल्यावर स्टिअरिंग परत हातात आलं, आणि आलं ते असं.

गाडी जुनी आहे, पेट्रोलची, छोटी. पण रिक्षात यांना धक्के सोसत नाहीत, हाताला सुया टोचलेल्या असतात. येताना मागच्या सीटवर आडवे होतात. गेल्या उन्हाळ्यात उड्डाणपुलाखाली ट्रॅफिकमध्ये गाडी तापली. मी नेली तुमच्या हाताखालच्या कारागिराकडं. ओळखलं का? जो तुम्हाला उस्ताद म्हणायचा, तुमची चहाची कपबशी वेगळी ठेवायचा. आता त्याचं स्वतःचं गॅरेज आहे, दाढी पांढरी झालीय. त्यानं तास-दोन तासांत गाडी दिली. "फर्स्ट क्लास बाजी, अब नहीं तपती." ताईच्या जागी बाजी म्हणायची त्याची सवय अजून आहे. आणि खरंच उन्हाळाभर तापली नाही. मी त्याला दुवा दिला.

थंडी पडली आणि दशा सुरू झाली. आम्हाला सकाळची पहिली पाळी असते. गाडी सुरू व्हायची, पण सिग्नलला थांबली की धडधडून बंद पडायची. पेट्रोलचा वास. समोर इंजिनाचा पिवळा दिवा. मागं हॉर्न, मधी हे शालीत गुंडाळलेले, आणि मी किल्ली फिरवतेय. एका सकाळी अशी बंद पडली की सुरूच होईना. पोचायला उशीर झाला, आमची खुर्ची दुसऱ्याला दिली होती. दुपारपर्यंत बाकावर बसवून ठेवलं. अंगात पाणी साठलेलं, यांना आडवं होता येईना, श्वास लागलेला. मी त्यांची पाठ धरून बसले होते आणि मला कळत होतं, अजून एकदा असं झालं तर माणूस हाती लागणार नाही.

त्याच आठवड्यात दीर आले गंगापूरवरून. दीर वाईट नाहीत. पण त्यांनी ठरवून आणलं होतं. "वहिनी, ही गाडी भंगारात द्या. फ्लॅट भाड्यानं द्या अन् चला आपल्या घरी. जीप हाय, मी आणत जाईन दादाला शहरात. तुम्ही निवांत बसा." निवांत बसा! सासूच्या त्या खोलीत, डोक्यावर पदर, आणि जीप रिकामी असंल तेव्हा नवऱ्याचा जीव. ऊस तोडणीला आला की जीप कुठं असती ते मला माहीत आहे. मी म्हणलं, "थंडी संपू द्या." ते म्हणाले, "थंडी संपेस्तोवर गाडी टिकली तर बघू." म्हणजे ही गाडी चालणं-न चालणं यावर माझं सगळं येऊन टेकलं. चालली तर आम्ही आमच्या दारात. नाही चालली तर दुसऱ्याच्या.

तुमच्या त्या चेल्याकडं खेपा घातल्या. त्याच्याकडं दिवा तपासायचं मोठं मशीन आहे. तो ते लावायचा, बटण दाबायचा, दिवा जायचा. "हो गया बाजी." दोन दिवसांनी दिवा परत. मग सेन्सर बदलला. दिवा परत. मग वायरिंग. मग त्यानं मान हलवली, "इंजिन खोलना पडेगा. नहीं तो बेच डालो." सगळे विकाच म्हणत होते.

मग यांनी एक केलं. खुर्चीत पडल्या पडल्या मोबाईल बघत असतात, त्यात कुठं बघितलं कुणास ठाऊक, घरपोच एक डबडं मागवलं. काडेपेटीएवढं. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्यापाशी गाडीला एक सॉकेट असतं, त्यात ते खोचायचं. मोबाईलमध्ये त्याचं ॲप घ्यायचं, की गाडीच्या पोटातलं सगळं मोबाईलवर दिसतं. मी म्हणलं, "खेळणं आणलंत." हे म्हणाले, "लावून तर बघ." लावलं. स्क्रीनवर इंग्रजीत अक्षरं आली. मला आकडे वाचता येतात, इंग्रजी नाही. वर नेऊन यांना दाखवलं. यांनी चष्मा लावून वाचलं.

"कूलंटचं तापमान पाहिजे त्याच्या खाली हाय म्हणतंय."

"खाली? वर म्हणत असंल. नीट वाचा."

"अगं खालीच लिहिलंय. इंजिन तापत नाही म्हणतंय."

"गाडी तापत नाही ही काय तक्रार झाली? आपल्याकडं? डबडं परत पाठवा."

मी तुमची पोरगी ना. उकळणाऱ्या टँकरमध्ये वाढलेली. थंड पडलेलं इंजिन हा आजार असतो हे माझ्या डोक्यात शिरेचना. मला वाटलं मोबाईल खोटं बोलतोय. कारागीरपण तसंच समजला असणार, म्हणून तर त्यानं सेन्सर बदलला. सांगणाराच खोटा, असं आम्ही दोघं धरून चाललो होतो.

पण एक होतं. त्या ॲपमध्ये गाडी चालू असताना तापमानाचा आकडा समोर हलताना दिसतो. यांनी ते पान उघडून दिलं आणि मोबाईल शेजारच्या सीटवर ठेवला. दवाखान्यात जाताना मी एक डोळा रस्त्यावर, एक आकड्यावर. सिग्नलला उभी राहिले की आकडा हळूहळू चढायचा. गाडी निघाली, वारा लागला, की घसरायचा. साठ, अठ्ठावन्न. नव्वदीच्या जवळ जायला पाहिजे तिथं साठसुद्धा धड नाही. परत सिग्नल, परत चढला. परत निघाले, परत घसरला. सेन्सर खोटा असता तर असा शिस्तीत वर-खाली झाला असता का? यांना खुर्चीत बसवून मी परत आले, बॉनेट उघडलं, आणि नळीच्या तोंडाकडं बघत उभी राहिले. मला काही बघायची गरज नव्हती. टण्ण असा आवाज माझ्या कानात आलाच होता. व्हॉल्व्ह आत नव्हता. उन्हाळ्यात गाडी तापली तेव्हा तुमच्या चेल्यानं तुमचंच औषध दिलं होतं. व्हॉल्व्ह काढला, पंखा डायरेक्ट जोडला, सतत फिरता. थंड पाणी पहिल्या मिनिटापासून इंजिनातून फिरतंय, इंजिन तापतच नाही, आणि गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतंय अजून आत्ताच सुरू झालीय, म्हणून तो पेट्रोल ओततोय. प्लग काळे. म्हणून ती सिग्नलला गुदमरायची. उन्हाळ्यात ऊनच तिला तापवून घेत होतं म्हणून कुणाला कळलं नाही.

मी तडक त्याच्याकडं गेले. "व्हॉल्व्ह काढलास ना?"

"निकाला. तो फिर?"

"परत बसव."

तो हातातलं काम ठेवून माझ्याकडं बघायला लागला. "बाजी, उस्ताद ने एक गाडी में रखा क्या? मेरेकू एक बताव."

"त्या गाड्यांना डोकं नव्हतं. हिला हाय. ती विचार करून पेट्रोल पिते."

"याने उस्ताद गलत?"

"व्हय. या गाडीपुरते गलत."

नाना, त्याचं तोंड उतरलं. मी तुमची पोरगी, तुमच्याविरुद्ध बोलले म्हणून. मी मोबाईल दाखवला, आकडा दाखवला. त्यानं बघितलं, त्याला समजलं पण असंल. पण म्हणाला, "मैं नक्को करता बाजी. उनका हाथ का सीखा हुवा हूँ. आप दूसरे के पास जाव." आणि चहा मागवला. चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही, पण व्हॉल्व्हला हात लावला नाही. मला त्याचा राग आला आणि आलाही नाही. तुम्ही गेलात त्याला किती वर्षं झाली, आणि हा माणूस अजून तुमच्या फडक्याला भितो.

मग मीच केलं. सोसायटीखाली, खुर्चीचा दिवस नव्हता त्या दिवशी. दुकानातून व्हॉल्व्ह आणला, तो बसवायची रबराची रिंग आणली, कूलंट आणलं. बोअरचं पाणी नाही, तेवढी अक्कल तुम्हीच दिलीत. नळीचा पट्टा गंजलेला, निघेना, हात सोलला. पहिल्या मजल्यावरची पोरगी गॅलरीतून म्हणते, "काकू, व्हिडिओ काढू का? व्हायरल व्हाल." मी म्हणलं, "खाली ये, बॅटरी धर, मग व्हायरल हो." आली नाही. यांनी वरून हाक मारली, पाणी पाहिजे होतं. मी म्हणलं, "हात काळे हायेत, थांबा." आणि थांबले हो. लग्नाला इतकी वर्षं झाली, हाक मारल्यावर मी लगेच गेले नाही असं पहिल्यांदा झालं. व्हॉल्व्ह बसवला, पंख्याची डायरेक्ट जोडलेली वायर काढून त्याचं सॉकेट परत जागेवर लावलं, कूलंट भरून आतली हवा काढली, काळे प्लग घासून परत लावले. गाडी सुरू करून मोबाईल हातात घेऊन बसले. चाळीस. साठ. ऐंशी. नव्वदला जाऊन आकडा थांबला. पंखा सुरू झाला, आकडा जरा उतरला, पंखा बंद. आपलं आपण. दुसऱ्या दिवशी सिग्नलला उभी राहिले तेव्हा इतकी हळू फिरत होती की मला वाटलं बंदच पडली. कान लावला तर चालू होती.

तुम्ही असतात तर विचारलं असतंत, त्या डबड्याचा काय उपयोग? उपयोग आहे. ते दुरुस्त करत नाही. कोणता नट खोलायचा तेही सांगत नाही. सेन्सर म्हणालं की सेन्सर बदलायचा, असं जो करतो त्याला ते लुटतं. आणि नुसता दिवा पुसायला वापरलं तर काहीच नाही, ताप आलेल्याचं थर्मामीटर झटकून ठेवण्यासारखं. पण आपण जे खरं धरून बसलोय ते खरं आहे का, एवढं ते तोंडावर सांगतं. घरी गाडी खोलणाऱ्या माणसाला दुसरं कोण असं सांगणार? तुम्हाला कोण सांगत होतं? आमच्यातलं कुणी बोललं नाही, म्हणून तुम्ही जन्मभर बरोबरच राहिलात.

दीरांचा फोन येऊन गेला. यांनीच उचलला. म्हणाले, "गाडी तुझ्या वहिनीनं दुरुस्त केली. आम्ही येत नाही." ठेवून दिला. म्हणजे जिंकलो म्हणायचं. तिसरा मजला आपला राहिला.

आणि नाना, तिथंच सगळं अडलं. गाडी बिघडलेली होती तोवर मी रोज खाली जात होते. बॉनेट वर, मोबाईल सीटवर, कधी अर्धा तास, कधी दीड. शेवटी तर हाक मारली तेव्हा "हात काळे हायेत." यांना पण कळत होतं, हे काम आपल्यासाठीच चाललंय. आता गाडीला काही होत नाही. गेल्या आठवड्यात चप्पल घालायला लागले तर यांनी विचारलं, "आता खाली कशाला?" मी चप्पल काढली. दार लावलं. पाणी मोजायला बसले.

तर परवा सकाळी मी हवेच्या नळीवरचं एक बारकं सॉकेट उपसून ठेवलं. भिऊ नका, त्यानं गाडी अडत नाही, आधी लांब फिरवून बघितली, तापमान जागेवर, कुठं बंद पडत नाही. फक्त दिवा लागतो. दवाखान्याच्या वाटेवर यांनी मागून बघितलं.

"लागला का गं परत?"

"लागला."

"बघ मग."

"बघते."

संध्याकाळी यांनी मोबाईल मागून घेतला. ते इंग्रजी त्यांना वाचता येतं, सॉकेट निघालंय हे त्यात सरळ लिहिलेलं असणार. चष्मा लावून वाचलं. मग मोबाईल परत माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "अवघड दिसतंय. वेळ लागंल याला." आणि भिंतीकडं तोंड करून झोपले. त्यांना काय कळलं ते मी विचारलं नाही. काल तासभर खाली होते. बॉनेट उघडून, काही न करता.

हे पत्र तुम्हाला पोचायचं नाही आणि मी दुसऱ्या कुणाला दाखवणार नाही. आता नर्स बोलवंल. सॉकेट बोटानं दाबलं की बसतं, क्षणाचं काम आहे. आज बसवते असं मनाशी म्हणलं होतं. पार्किंगमध्ये येऊन बॉनेट उघडलं, बघितलं, आणि तसंच बंद केलं.